साडेतीननंतरचे श्वास

आईने मला मंगळवारी संध्याकाळी कागद आणायला पाठवलं. काम साधं होतं. बारकी ज्या दवाखान्यात वारली, तिथल्या रेकॉर्डच्या खिडकीवर अर्ज द्यायचा, तिच्या केसपेपरच्या नकला घ्यायच्या आणि बुधवारी अकरा वाजता चौकशीच्या खोलीत हजर राहायचं. चौकशी रात्रपाळीच्या सिस्टरची होती. तक्रार आईची होती. साक्षीदार मी होतो.

बारकी माझी बहीण. पाच वर्षांची. आमच्यात सोळा वर्षांचं अंतर, त्यामुळे लोकांना ती माझी मुलगी वाटायची. तिला हे कळलं होतं. दुकानात गर्दी असली की मुद्दाम मोठ्याने मला ‘ओ बाबा’ म्हणायची आणि माझं तोंड बघून खिदळायची.

शेवटची गाडी पकडून मी दहा चाळीसला पोचलो. खिडकी सकाळी नऊला उघडणार होती. तिसऱ्या मजल्यावर मुलांचा वॉर्ड, आणि त्याच्या खाली जिन्याशेजारी नातेवाइकांसाठी लांब व्हरांडा आहे. तिथेच पथारी टाकली. आठवड्यापूर्वीही मी तिथेच बसायचो.

पुढचं सांगण्याआधी त्या रात्रीचं सांगतो, नाहीतर काहीच समजणार नाही.

बारकीला न्यूमोनिया झाला होता. चोवीस मुलं आणि रात्री एकच सिस्टर. श्वास मोजायला छातीला वायरी लावायचं मशीन होतं, पण ते पलीकडच्या एका तान्ह्या बाळाला लावलं होतं. म्हणून सिस्टरने मला रेघा मारलेला कागद दिला आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवलं.

“दर पंधरा मिनिटांनी पूर्ण एक मिनिट मोजायचं. पोट एकदा वर आलं की एक. आकडा इथे लिही. पन्नासच्या वर राहिला तर मला हाक मार. एकदम उतरला तरी हाक मार. आणि रडायची थांबून शांत झाली, तर पळत ये.”

मी म्हणालो, “सिस्टर, मी तिच्या छातीवर हात ठेवून बसतो ना. हृदय चालू आहे तोपर्यंत काय भीती?”

“तुझे वडील कसे गेले म्हणालास?”

बाबा याच दवाखान्यात दोन वर्षांपूर्वी गेले होते, खालच्या मजल्यावर, मोठ्यांच्या वॉर्डात. उशीला टेकून बसले होते, मला माझ्या केसांवरून चिडवत होते. वाक्य अर्धं राहिलं. डॉक्टर पळत आले, छातीवर विजेचे झटके दिले. उपयोग झाला नाही.

“मोठ्या माणसाचं बहुतेक वेळा तसंच होतं,” सिस्टर म्हणाली. “त्याचं हृदयच दगा देतं, अचानक. मुलांचं उलटं असतं. त्यांचं हृदय चांगलं असतं रे, ते शेवटपर्यंत झुंजतं. आधी श्वास थकतो. तासन्‌तास थकत जातो. हृदय सगळ्यात शेवटी थांबतं. म्हणजे मुलांच्या बाबतीत आपल्याला वेळ मिळतो. फक्त बघणारा जागा पाहिजे.”

मी मान डोलावली. रात्री दहापासून मोजत बसलो. बावन्न. चोपन्न. बावन्न. सिस्टर येऊन बघून जायची, औषध बदलायची. पावणेदोनला चाळीस आला. दोनला चौतीस.

बारकी रडायची थांबली होती. मला वाटलं, उतरलं. सुटलो. चार रात्री मी झोपलो नव्हतो. मी टायरच्या दुकानात काम करतो. चाक बसलं की बसलं, पुन्हा पुन्हा बघायचं नसतं. तसंच मनात आलं. मी पेन घेतलं आणि पुढचे सगळे आकडे एकदम लिहून टाकले. सव्वादोन, बत्तीस. अडीच, तीस. पावणेतीन, तीस. तीन, सव्वातीन आणि साडेतीन, अठ्ठावीस. पावणेचार आणि चार, सव्वीस. सावकाश उतरत जाणारे, छान दिसणारे आकडे. कागदाची घडी करून उशीखाली सारली आणि जिन्यात जाऊन मोबाइलवर हसायचे व्हिडिओ बघत बसलो.

पावणेतीनला सिस्टरने कठड्यावरून वाकून विचारलं, “किती?”

“तीस, सिस्टर. शांत झोपलीय.”

“आत्ता मोजलेस?”

“आत्ताच.”

पलीकडच्या बाळाला झटके येत होते. ती तिकडे धावली. मी जिन्यातच झोपलो.

तीन वीसला तिच्या ओरडण्याने जाग आली. बारकीचे ओठ निळे होते. सिस्टर एका हाताने तिची छाती दाबत होती, खालून धावत आलेली दुसरी सिस्टर फुग्याने हवा देत होती, डॉक्टर आकडे ओरडत होता. पस्तीस मिनिटं. मग सगळ्यांचे हात थांबले.

मी उशीखालचा कागद खिशात घातला.

सकाळी आई आली. सगळ्या वॉर्डासमोर सिस्टरवर ओरडली. सिस्टर म्हणाली, “बाई, मी पावणेतीनला विचारलं होतं. याने तीस सांगितलं.”

आईने माझ्याकडे बघितलं. “विचारलं होतं का रे?”

“नाही.”

सिस्टर माझ्याकडे बघत राहिली.

एवढं झालं होतं. आता व्हरांड्यातलं सांगतो.

त्या मंगळवारी आम्ही तिघं होतो. एक ट्रकवाला, त्याच्या भाच्याचा पाय मोडला होता. एक नवा बाप, त्याची मुलगी काल जन्मली होती आणि तो उगाचच सगळ्यांकडे बघून हसत होता. आणि मी. साडेअकराला सिलिंडरवाले मामा येऊन पायरीवर बसले. हे ऑक्सिजनची नळकांडी ढकलत वॉर्डावॉर्डात फिरतात, तीस वर्षं झाली. त्या रात्री बारकीचं सिलिंडर त्यांनीच लावलं होतं. मी ओळखलं. व्हरांड्यातला दिवा गेला होता, त्यांनी मला ओळखलं नाही.

“मामा, झोप येत नाही. भुताचं काहीतरी सांगा,” ट्रकवाला म्हणाला. “दवाखान्यात भुतं स्वस्त असतील.”

“चेष्टा करू नकोस. ऐकीव मी सांगत नाही. माझ्या ओळखीच्या माणसाबरोबर घडलंय. मागच्याच बुधवारी.”

माझे कान तापले.

“वर मुलांच्या वॉर्डात एक सिस्टर आहे. माझ्या लेकीच्या वयाची. तिच्या पाळीत एक पोर गेली, चार नंबरच्या खाटेवर. दुसऱ्या रात्री ती परत ड्यूटीवर होती. चार नंबर रिकामी. चादर काढलेली, नुसती गादी. सिलिंडर मी स्वतः उचलून नेलेलं. ही टेबलापाशी औषधं भरत बसली होती. साडेतीन वाजले.”

मामा थांबले. विडी नव्हती, तरी बोटं तशी धरली होती.

“श्वास ऐकू आला. चार नंबरवरून. तिला वाटलं, शेजारचं पोर असेल. उठून बघितलं. शेजारचं पोर पालथं झोपलेलं, त्याचा वेगळा. हा चार नंबरचाच. नर्स माणूस, घाबरली तरी सवय सुटत नाही. तिने हातातल्या घड्याळावर मोजला.”

“भुताचा श्वास मोजला?” ट्रकवाला हसला. “ताप पण बघायचा ना.”

“अठ्ठावीस,” मामा म्हणाले.

ट्रकवाला हसत होता. मी नाही.

“एक मिनिट. मग बंद. पावणेचारला परत. सव्वीस. बरोबर चारला परत. सव्वीस. मग… काही नाही. उजाडेपर्यंत काही नाही.”

नव्या बापाने पाय वर घेतले. “आजारी पोरीचं भूत म्हणजे धापा टाकत असेल नाही?”

“तेच मी विचारलं. सिस्टर म्हणाली, नाही मामा. तेच तर वाईट आहे. धाप नव्हती. बरं होऊन गाढ झोपलेल्या पोराचा श्वास होता तो. ती पोर जिवंत असताना एकदाही असा श्वास घेत नव्हती. म्हणाली, कोणीतरी सांगून ठेवल्यासारखे घेते. एवढेच घे, या वेळेला घे…”

माझा हात खिशावर गेला. कागद तिथे होता. आठवडाभर मी तो कोणाला दाखवला नव्हता. आईलाही नाही. साडेतीन, अठ्ठावीस. पावणेचार, सव्वीस. चार, सव्वीस. हे या जगात फक्त मला माहीत होतं.

“थापा,” ट्रकवाला म्हणाला.

“गुरुवारी रात्री मी स्वतः थांबलो,” मामा म्हणाले. “अठ्ठावीस. सव्वीस. सव्वीस.”

खाली कुठेतरी ट्रॉलीचं चाक कुरकुरत गेलं.

“कोणाची पोर होती?” नव्या बापाने विचारलं.

“असेल कोणाची तरी. भाऊ सोबत होता म्हणे. तो म्हणतो, मला विचारलंच नाही. सिस्टर म्हणते, विचारलं. शुक्रवारपासून तिला घरी बसवलंय. उद्या चौकशी. नोकरी जाणार.”

“सिस्टरच खोटं बोलत असणार,” ट्रकवाला म्हणाला. “स्वतःवर आलं की कोण नाही बोलत? त्या बिचाऱ्या भावाची बहीण गेली, तो कशाला खोटं बोलेल? काय रे?”

हे त्याने मला विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

ते दोघं झोपले. मामा सिलिंडर घेऊन गेले. मी मोबाइल उलटा ठेवून पडलो. सव्वातीनला उठलो. कोणी हाक मारली नाही, काही नाही. उठलो एवढंच.

लिफ्ट रात्री बंद असते. जिना चढलो. ज्या पायरीवर बसून मी हसत होतो, तिच्यावर पाय देववेना. तेवढी ओलांडली.

वॉर्डात एकच दिवा. नवी सिस्टर दुसऱ्या टोकाला एका बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, पाठमोरी. एक बाई जमिनीवर झोपलेली. चार नंबर खिडकीला लागून. नुसती गादी.

मी खाटेजवळ उभा राहिलो. घड्याळात तीन अठ्ठावीस.

एकोणतीस.

साडेतीन.

…आला.

उशीच्या जागेवरून. माझ्या पोटाच्या उंचीवर. हलका. आत. बाहेर.

मी घड्याळाकडे बघितलं. मोजलं. या वेळी खरंच मोजलं. एकही सोडला नाही.

अठ्ठावीस.

बंद.

मी पळायला हवं होतं. पळालो नाही. त्या रात्री पळालो होतो. जमिनीवर बसलो, खाटेच्या कडेला कपाळ टेकवून.

पावणेचार. सव्वीस.

चार. सव्वीस.

झालं. कागद संपला. मी उठायला लागलो.

आणि परत आला.

चार वाजून एक. चार वाजून दोन. थांबेना. याचा आकडा मी लिहिला नव्हता. याचा आकडाच नव्हता. आत… बाहेर… आता सुटा सुटा. वाट बघत घेतल्यासारखा. चार वाजून पाच. आत…

बाहेर आला नाही.

मी थांबलो. माझाही श्वास थांबला. रिकाम्या गादीवर काहीतरी श्वास धरून माझं तोंड बघत होतं.

“बारके,” मी म्हणालो. “मी मोजलं नव्हतं.”

…

“सिस्टरने विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. मी जिन्यात होतो.”

…

“उद्या सांगतो सगळ्यांना. सोड. बारके, सोड ना…”

बाहेर आला. लांब. माझ्या मनगटावर लागला. कोमट.

मग शांत.

आठ वाजता मी आईला फोन केला. व्हरांड्याच्या टोकाला चहाची गाडी होती, तिथे उभा होतो. ट्रकवाल्याने माझ्या हातात न मागता ग्लास दिला होता आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता.

“आई, सिस्टरने मला विचारलं होतं.”

“काय? पाणी भरतेय मी. मोठ्याने बोल.”

“सिस्टरने मला विचारलं होतं. पावणेतीनला. मी न मोजता तीस सांगितलं.”

हे मी ओरडून म्हणालो. चहावाला थांबला. नवा बाप तोंडापाशी ग्लास धरून राहिला. ट्रकवाल्याचा हात माझ्या खांद्यावरून गेला.

फोनमध्ये बादली भरून वाहत असल्याचा आवाज येत होता. आई नळ बंद करत नव्हती. बराच वेळ तसाच आवाज आला. मग फोन बंद झाला.

अकराला चौकशीच्या खोलीत गेलो. नकला घेतल्याच नव्हत्या. टेबलामागे दोन डॉक्टर आणि मेट्रनबाई होत्या. सिस्टर कोपऱ्यातल्या खुर्चीवर, साध्या कपड्यांत. साध्या कपड्यांत ती माझ्याएवढीच वाटली.

मी कागद टेबलावर ठेवला. “यांनी विचारलं होतं. मी तीस सांगितलं. सव्वादोनपासून पुढचं सगळं मी आधीच लिहून ठेवलं होतं.”

मेट्रनबाईंनी घडी उघडली. वाचत खाली गेल्या. शेवटच्या तीन ओळींवर आल्या आणि चष्मा काढला.

“तीन पंचावन्नला गेली ना ही?”

“हो.”

“आणि चारला सव्वीस.”

“हो.”

डॉक्टरने एक कोरा कागद पुढे केला. मी जे म्हणालो ते त्याने लिहिलं, मला वाचून दाखवलं, मी सही केली. कोणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

निघताना सिस्टर पहिल्यांदा बोलली. आवाज चढवला नाही.

“दोनला चौतीस लिहिलंस. ते खरं होतं?”

“हो. ते मोजलं होतं.”

“चाळीसवरून चौतीस. आणि रडायची थांबली होती?”

“हो.”

“मग त्या वेळी तरी हाक…”

ती पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. बराच वेळ शोधत राहिली. तिला काही सापडत नव्हतं आणि मी दारात उभा होतो.

मी खाली जायला हवं होतं. वर गेलो. म्हटलं, एकदा उजेडात बघून घ्यावं. वॉर्डात ऊन आलं होतं, मुलं रडत होती, पंखे फिरत होते. चार नंबरपाशी सफाईवाली मावशी खिडकीची काच पुसत होती. माझ्याकडे न बघताच बोलायला लागली.

“बघा ना हे. मागच्या बुधवारपासून रगडतेय. साबण लावून झाला, पावडर लावून झाली. सज्ज्यावर उतरवून वॉर्डबॉयकडून बाहेरून पण पुसून घेतली. जात नाही.”

काचेवर, उशीच्या उंचीला, एक गोल डाग होता. थंडीत काचेजवळ तोंड नेलं की येतो तसा. छोट्या तोंडाचा. बाहेर कडक ऊन होतं. काच तापलेली होती.

मावशीने फडकं फिरवलं. काच स्वच्छ झाली.

मग डाग आला.

गेला.

आला.